नावाआधीचा शब्द

सोमवार, ६ जानेवारी २०२५

शासकीय अनुवादक म्हणून नोकरीत असताना रोजचे कामकाज लिहून ठेवण्याची शिस्त मला होती. निवृत्तीनंतर ती सुटली. आज एक काम अंगावर आले आहे, म्हणून पुन्हा लिहीत आहे. इतर कोणताही हेतू नाही.

विनीत सकपाळ यांचा दूरध्वनी आला. 'शब्दगाळणी' हे मराठी शुद्धलेखन तपासणारे विनामूल्य सॉफ्टवेअर काही मंडळी आपापल्या नोकऱ्या सांभाळून चालवतात. त्याची आतली रचना कोणीही पाहावी, कोणीही सुधारावी, असा त्यांचा परिपाठ आहे. विनीत त्यांच्यापैकी एक. या उपक्रमाचे संकेतस्थळ माझी पत्नी संघमित्रा पाहत असे. विमा कार्यालयातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर ती दादरला एका वर्गात जाऊन हे शिकली आणि अखेरपर्यंत करीत राहिली. ऑक्टोबरमध्ये तिचे निधन झाले.

संकेतस्थळाची पाने ज्या सर्व्हरवर साठवली आहेत, तो या महिनाअखेरीस कायमचा बंद होणार आहे. तत्पूर्वी सर्व काही नव्या ठिकाणी हलवावे लागेल. अन्यथा ते नष्ट होईल. जुन्या ठिकाणाचा पूर्ण अधिकार केवळ संघमित्राच्या नावे आहे आणि पासवर्ड तिच्या लॅपटॉपमध्ये.

"सर, तुम्ही फक्त लॉगिन करून द्या. बाकी मी बघतो," असे ते म्हणाले.

विचार करून कळवतो, असे सांगितले. लॅपटॉप ऑक्टोबरपासून उघडलेला नाही. त्यावरील धूळ मात्र पुसतो.

बुधवार, ८ जानेवारी

विनीत सायंकाळी घरी आले. "इकडूनच चाललो होतो," असे म्हणाले. त्यांचे कार्यालय फोर्टला आणि घर चिंचपोकळीला. मध्ये परळ कसे लागते, हे माझ्या लक्षात आले नाही. बेचाळिशीचे गृहस्थ आहेत, बोलणे मोकळे. संघमित्रा त्यांना अरे-तुरे करीत असे. मला ते जमणार नाही.

ते ज्यास 'रेपो' म्हणतात, त्यास मी 'भांडार' हा शब्द सुचवला.

"भांडार म्हटलं की सर, मला डाळ-तांदूळ दिसतात. आई पिशवी घेऊन उभी, अन् मी कमिट करतोय."

मी हसलो नाही. परंतु शब्द वाईट नाही, असे मला अजूनही वाटते.

समजले ते असे. या भांडारात केवळ पाने नसतात. पानात केलेला प्रत्येक बदल, तो कोणी केला, कोणत्या दिवशी केला आणि कशासाठी केला, हे सर्व एका नोंदीत राहते; अशा नोंदीला ते 'कमिट' म्हणतात. एका स्वल्पविरामाचीही नोंद असते. या नोंदींच्या साखळीला ते 'हिस्टरी' म्हणतात.

उपक्रमाच्या प्रमुख मेघनाताई गिरगावात राहतात, पुस्तकांची अक्षरजुळणी करतात. त्या दूरध्वनीवरून चर्चेत सहभागी झाल्या. वेळ थोडा आहे, तेव्हा फक्त आजची पाने उचलून नव्या जागी ठेवावीत, जुनी हिस्टरी सोडून द्यावी, असे त्यांचे मत पडले.

"तशीही ती कोण वाचतंय, सर?"

मी म्हणालो की, कागदपत्रांचे स्थलांतर करताना केवळ शेवटचा कागद नेऊन उरलेली नस्ती टाकून देण्याची पद्धत मी कोणत्याही कार्यालयात पाहिलेली नाही. इतिहास जसा होता तसा, संपूर्ण, नव्या जागी गेला पाहिजे. ही अट मान्य असेल तरच लॉगिन करीन.

मग मेघनाताई म्हणाल्या, "विनीत, जमेल का रे?"

"जमवू."

माझा आग्रह निव्वळ कार्यपद्धतीचा होता. तो त्यांना भावनिक वाटला असल्यास नाइलाज आहे.

शनिवार, ११ जानेवारी

लॅपटॉप उघडला. स्थलांतरापूर्वी तपासणी आवश्यक म्हणून संघमित्राच्या नोंदी पहिल्यापासून क्रमाने वाचत आहे. घाई करण्याचे कारण दिसत नाही.

भाषा पूर्णतः बोलीतली आहे. नमुन्यादाखल:

'बटण हिरवं केलं. लाल बघून माणसं दाबायला घाबरतात.'

'कालची दुरुस्ती चुकली होती, ती दुरुस्त केली. कोणी बघितलं नाही वाटतं.'

'अहोंनी दाखवलेला अनुस्वार काढला. आता तरी जेवतील.'

अशा स्वरूपाची टिपणे सार्वजनिक दस्तऐवजात अपेक्षित नाहीत. तो अनुस्वार कोणता होता, ते आठवण्याचा प्रयत्न केला. आठवला नाही. दुपारी भात लागला. पातेले अजून भिजत ठेवले आहे.

सोमवार, १३ जानेवारी

आज एक गंभीर चूक वेळीच लक्षात आली.

नव्या संकेतस्थळावर 'आमच्याविषयी' या पानावर विनीत यांनी 'कै. संघमित्रा मर्चंडे' असे लिहिले होते. ते घरी आले असता मी त्यांना समजावून सांगितले की आम्ही बौद्ध आहोत. 'कै.' म्हणजे कैलासवासी. आणि कैलासाशी आमचा काही संबंध नाही. आमच्यात दिवंगत व्यक्तीच्या नावाआधी 'कालकथित' लिहितात.

त्यांचा चेहरा उतरला. "सॉरी सर. आमच्याकडे हात आपोआप कै. लिहितो. डोक्यातच आलं नाही."

"हरकत नाही. दुरुस्त करा."

नंतर लेखकांच्या यादीचे काम झाले. जुने भांडार माणसाला एका टोपणनावाने ओळखते. संघमित्राचे 'मित्रा' असे होते. नव्या भांडाराला पूर्ण नाव आणि ई-मेल पत्ता लागतो. म्हणून प्रत्येक टोपणनावासमोर खरे नाव लिहिलेली एक यादी द्यावी लागते. एकदा ती दिली की यंत्र जुन्या नोंदीन् नोंदीवर ते नाव घालत जाते. जुनी माणसे मला ठाऊक, म्हणून यादी मी केली. 'मित्रा'समोर 'कालकथित संघमित्रा मर्चंडे' असे लिहिले.

विनीत पडद्याकडे पाहत राहिले. "सर, इथेपण?"

"एकाच व्यक्तीचे नाव एकाच संकेतस्थळावर दोन प्रकारे लिहिणे योग्य नव्हे."

"नाही, म्हणजे... हे प्रत्येक कमिटवर जाणार."

"जाऊ द्या. ती वस्तुस्थिती आहे."

त्यांनी निवलेला चहा उचलून प्यायला. "ठीक आहे, सर. तुम्ही म्हणाल तसं."

ई-मेल पत्ता तिचाच दिला. तिचा मोबाइल चालू आहे. बँकेचे संदेश येतात म्हणून मी तो चार्ज करून ठेवतो.

शनिवार, १८ जानेवारी

स्थलांतर झाले. विनीत यांनी सकाळी त्यांच्या घरून काम सुरू केले, दुपारपर्यंत सर्व नोंदी नव्या भांडारात पोहोचल्या. मेघनाताईंनी सर्वांना कळवले. लोकांनी नव्या भांडाराच्या प्रती आपापल्या संगणकांवर उतरवून घेतल्या. अभिनंदनाचे संदेश संघमित्राच्या मोबाइलवरही आले, कारण पत्ता तिचा आहे. दर वेळी तो टेबलावर थरथरत होता. मी उचलून पालथा ठेवला.

काम पूर्ण झाल्यावर हलके वाटायला हवे. तसे वाटले नाही. दुपारभर झोपलो, उठलो तर पाय जड होते. हवेतील गारव्यामुळे असावे.

सोमवार, २० जानेवारी

विनीत यांनी विचारले, "सर, जुनं बंद करून टाकायचं का? तुमच्या लॉगिननेच होईल."

तपासणी अपूर्ण असल्याचे कळवले. जुन्या पानांतील दुवे, चित्रे, तारखा, हे सर्व नव्याशी ताडून पाहणे बाकी आहे. ते म्हणाले, "एकतीसपर्यंत वेळ आहे, सर. आरामात." रोज सकाळी न्याहारीनंतर बसतो. ती याच वेळी बसत असे. टेबलावर तेव्हा ऊन नसते, म्हणून ही वेळ सोयीची आहे.

आज तपासणीत काहीही चुकीचे आढळले नाही. उद्या पुन्हा पाहीन.

बुधवार, २२ जानेवारी

मेहुणी आनंदीबाई वडाळ्याहून आल्या. महापालिका शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. आवाज अद्याप वर्गातला आहे.

"जय भीम, भावजी. बोंबील आणलेत. गरम करू नका, करपवाल. मी करते."

जेवण झाल्यावर त्यांनी ताईचे काम पाहायची इच्छा दर्शवली. मी नवे भांडार उघडून दिले. त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचू लागल्या. त्यांना मनात वाचता येत नाही, असा माझा जुना समज आहे.

"'कालकथित संघमित्रा मर्चंडे. बटण हिरवं केलं.'" त्या थांबल्या. "'कालकथित संघमित्रा मर्चंडे. आज लवकर उठते, लग्नाला जायचंय.'" पुन्हा थांबल्या. "भावजी, हे कोणतं लग्न?"

"तारीख आहे समोर."

"मे दोन हजार चौदा. माझ्या अजितचं. नाचून नाचून चप्पल तुटली हिची. अनवाणी घरी आली. आणि तुम्ही लिहिलंय कालकथित."

"ते आदरार्थी आहे."

"आदर करा ना. कोण नाही म्हणतंय? पण मेल्यावर नाचायला आलेली का ती? मेल्यावर बटणं रंगवत बसलेली?" त्या हसू लागल्या. मला वाटले, आता थांबतील. थांबल्या नाहीत, हसण्याचे दुसरेच काही झाले, आणि पदर तोंडाला लावून त्या स्वयंपाकघरात गेल्या. बऱ्याच वेळाने भांडी घासल्याचा आवाज आला.

निघताना दारात म्हणाल्या, "तुमचं मराठी चांगलं आहे, भावजी. पण तुम्ही तिला पहिल्या दिवसापासून मारून ठेवलीत."

मी लिफ्टपर्यंत सोडायला गेलो.

गुरुवार, २३ जानेवारी

आनंदीबाईंचे म्हणणे भावनेच्या भरातील आहे, असे प्रथम वाटले. मग यादी उघडली.

नोंदीमागून नोंद खाली जाते. प्रत्येक नोंदीत तारीख आहे, तिचे शब्द आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर तो शब्द. 'कालकथित. वीज गेली होती, अर्धंच.' 'कालकथित. ताप आहे पण एवढं करून टाकते.' 'कालकथित. अहो झोपलेत तोवर.'

विशेषण नामाच्या आजच्या स्थितीचे वर्णन करते, हे खरे. परंतु ते ज्या दिनांकाशेजारी छापले जाते, त्या दिनांकालाही ते खरे असले पाहिजे. त्या दिनांकांना ते खरे नव्हते. याचा अर्थ या भांडारातील तिची प्रत्येक नोंद मी अशुद्ध केली आहे. इतकी वर्षे लोकांचे मसुदे तपासले. अशी चूक कोणाच्या हातून झाल्याचे पाहिले नाही.

विनीत यांना कळवले. त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही.

"तुमच्या हे त्याच दिवशी लक्षात आले होते," मी म्हणालो.

"हो, सर."

"मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार, सर?"

त्यांनी एक सोपा उपाय सुचवला. आतल्या नोंदी तशाच ठेवायच्या; एक छोटी फाइल जोडली की दाखवताना फक्त नाव बदलून दिसेल.

"म्हणजे आत ती मृतच राहील."

"टेक्निकली... हो."

"मग नको."

शुक्रवार, २४ जानेवारी

मेघनाताईंना सविस्तर पत्र पाठवले: चूक कोणाची, स्वरूप काय, दुरुस्ती कोणती. उत्तरादाखल त्यांनी फोन केला.

"सर, वाईट वाटून घेऊ नका, पण हे अवघड आहे. हिस्टरी एकदा सगळ्यांच्या हातात गेली की तिला हात लावत नाही आम्ही. नाव बदललं की प्रत्येक नोंदीचा नंबर बदलतो. लोकांनी प्रती घेतल्यात, दोघांनी तर कामही सुरू केलंय. त्यांना ते सगळं टाकून नव्याने घ्यावं लागेल. उद्या दुसरा कोणी येईल, म्हणेल माझंही नाव बदला."

"आपला नियम योग्य आहे," मी म्हणालो. खरोखरच योग्य आहे. मी त्यांच्या जागी असतो तर हेच सांगितले असते, आणि बहुधा लेखी.

"मग?"

"मी आपल्याला म्हटले होते की इतिहास जसा होता तसा गेला पाहिजे. तो तसा गेलेला नाही. मीच तो बदलला."

त्यांच्या मागे छपाईयंत्राचा आवाज येत होता.

"ती तेव्हा जिवंत होती, मेघनाताई."

हे वाक्य मी योजून बोललो नव्हतो.

त्या म्हणाल्या, "जुनं अजून चालू आहे ना? की बंद केलंत?"

"चालू आहे. माझी तपासणी पूर्ण झालेली नव्हती."

"बरं झालं नाही झाली ते. तिथून सगळं पुन्हा आणता येईल." त्यांचा आवाज बदलला होता. "लोकांना मी सांगते. शिव्या मी खाईन. रविवारी सुट्टी आहे, विनीतला धरा. आणि सर, जेवत जा वेळेवर. ताई मला तुमच्याबद्दल सगळं सांगायची."

'सगळं' म्हणजे काय, हे विचारणे मला प्रशस्त वाटले नाही.

रविवार, २६ जानेवारी

सकाळी खाली ध्वजवंदन झाले. विहारातील मंडळींनी संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचली; मी गॅलरीतून सोबत म्हटली. तेवढ्यात विनीत आले. त्यांच्या आईने घावणे आणि ओल्या नारळाची चटणी दिली होती. "आईने सांगितलंय, डबा परत देताना रिकामा देऊ नका, सर. ती तसं बोलत नाही, पण मोजते." घरात परत भरून देण्यासारखे काय आहे, ते उद्या पाहावे लागेल.

त्यांनी लेखकांची यादी उघडली आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तुम्हीच करा."

मी 'कालकथित' या शब्दाच्या शेवटी गेलो आणि एकेक अक्षर पुसत मागे आलो. यंत्र एका दाबात पूर्ण शब्द पुसू शकते, असे ते म्हणाले. मला माहीत आहे. उरले 'संघमित्रा मर्चंडे'. आयुष्यभर ज्याच्या-त्याच्या मसुद्यातील गाळलेले शब्द घालण्याचे काम केले. शब्द काढून मजकूर शुद्ध होतो, हे क्वचितच अनुभवले.

विनीत यांनी आज्ञा दिली. नोंदी पडद्यावर सरकू लागल्या, जुन्यापासून नव्याकडे. आम्ही घावणे खाल्ले. पाने, बटणे, लग्न, ताप, वीज. सर्वांवर तिचे नाव, इतकेच. मध्ये दोनदा सर्व्हर अडकला आणि विनीत यांनी त्याला लालबागच्या भाषेत काही सुनावले, मग माझ्याकडे पाहून "सॉरी, सर" म्हणाले.

अखेरची नोंद सप्टेंबरची होती. ती मी वाचली नव्हती. क्रमाने वाचत होतो आणि ऑगस्टपाशी रोज काही ना काही दुसरे काम निघत होते. आज ती समोरच येऊन थांबली.

'फोनवर बसवायची रीत लिहिली. चौथ्या पायरीपर्यंत. दम लागतो. बाकीचं उद्या.'

विनीत उठून गॅलरीत गेले. खाली मुलांचे कार्यक्रम चालू होते.

मी ते पान उघडले. चार पायऱ्या नीट लिहिल्या आहेत. पाचवा आकडा आहे, त्यापुढे काही नाही. गेले चार महिने 'शब्दगाळणी' फोनवर बसवू पाहणारे लोक पाचव्या पायरीपाशी येऊन परत जात असणार. कोणी तक्रार केली नाही. मराठी माणूस अशा तक्रारी करीत नाही. तो वापरणेच सोडून देतो.

विनीत परत आल्यावर मी विचारले, "पाचव्या पायरीला काय करायचे असते?"

"करून बघू. फोन आहे?"

मी संघमित्राचा मोबाइल आणला. आम्ही पहिल्या चार पायऱ्या तिच्या शब्दांप्रमाणे केल्या. त्या बिनचूक निघाल्या. पाचव्या पायरीला कळफलकाच्या यादीतून मराठी निवडावी लागते, आणि मग एक इशारा येतो, ज्याला घाबरायचे नसते. मी लिहिले: 'आता यादीतून मराठी निवडावी. सूचना दिसल्यास घाबरू नये, होय म्हणावे.' विनीत म्हणाले, ताईंनी 'घाबरू नका' लिहिलं असतं. मी 'घाबरू नका' केले. 'होय म्हणावे'चेही 'हो म्हणा' केले. वाक्य उच्चारून पाहिले. बरे वाटले.

टिपणाच्या जागी लिहिले, 'पाचवी पायरी पूर्ण केली.' आणि नोंद नव्या भांडारात पाठवली.

ती यादीत सर्वांत वर आली. दिनांक आजचा. नाव संघमित्रा मर्चंडे.

मी विनीत यांच्याकडे पाहिले.

"लॅपटॉप ताईंचा ना, सर. सेटिंगमध्ये त्यांचंच नाव आहे. पहिल्या दिवशीच बदलायला हवं होतं, राहिलं." ते पडद्याकडे वाकले. "पण राहू दे की. कोणाला काय कळतंय? छान दिसतंय उलट."

मीही पाहत होतो. खरोखर छान दिसत होते. आजची तारीख आणि तिचे नाव, एका ओळीत. खालच्या सगळ्या ओळींसारखेच. खाली कोणाला तरी बक्षीस मिळत होते, टाळ्या चालल्या होत्या.

"नाव कुठे बदलायचे ते दाखवा," मी म्हणालो.

"सर, खरंच राहू दे."

"नाही," मी म्हणालो. "हे काम तिने केलेले नाही."